पत्रावरचं सील: आधी मेण ठरवा, शिक्का नंतर

हाताने पत्रं लिहिणारं कुणी सीलच्या नादाला लागलं की पहिला प्रश्न हमखास शिक्क्याचा येतो. आद्याक्षर कोरून घेऊ की नक्षी? पितळेचा करून घेऊ की घरीच काहीतरी जमवू? मी उलटं विचारते: पत्र जाणार कसं? हातात देणार आहात की टपालाने धाडणार? महिन्याला एखादं लिहिता की एका बैठकीत चाळीस पाकिटं बंद करायची आहेत? याची उत्तरं मिळाली की मेण ठरतं, आणि मेण ठरलं की शिक्क्याबद्दलच्या निम्म्या शंका आपोआप मिटतात. माझा क्रम चुकला होता. शिक्का देखणा, मेण भलतंच, अशा अवस्थेत मी एक अख्खं वर्ष काढलं.

पुढचा गोंधळ टाळायला शब्द ठरवून घेऊ. शिक्का म्हणजे कोरलेली वस्तू, ठसा म्हणजे तिने उमटलेली आकृती, आणि सील म्हणजे कागदावर थिजलेली ती चकती.

खरी लाख

लखोटा हा शब्द लाखेवरूनच आला, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून. लाख हा किड्यांचा स्राव. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे बारीक किडे रस शोषत बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडून, धुऊन, वितळवून, गाळून घेतलं की लाख मिळते. युरोपात मध्ययुगात सील लावायचं ते मधमाश्यांच्या मेणात झाडाची राळ मिसळून. 16व्या शतकापासून लाख तिथे पोचली, आणि लाख, राळ, थोडा खडू आणि लाल रंगासाठी हिंगूळ असं मिश्रण रूढ झालं. जुन्या कागदपत्रांवरचा तो गडद लाल रंग बऱ्याचदा हिंगुळाचाच असतो.

लाखेचा गुण आणि दोष एकच आहे: ती तडकते. पूर्वी तेच हवं होतं. पत्र कुणी वाटेत उघडलं तर ते लपता कामा नये. ब्रिटनमध्ये 1840 च्या टपाल सुधारणेआधी पत्राचा टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणजे जादा पैसे. म्हणून लिहिलेल्याच कागदाची घडी घालून तिच्यावर सील लावत. सील तेव्हा शोभेसाठी नव्हतं, कुलूप होतं.

आज लाख निवडायची तर दोन कारणांसाठी. एक म्हणजे ठसा. केसाइतकी बारीक रेघसुद्धा लाखेत स्वच्छ उठते, कडा धारदार राहतात, पृष्ठभागाला काचेसारखी चमक येते. दुसरं म्हणजे उघडतानाचा तो ‘टक्’ आवाज. लवचीक मेणाचं सील पाकिटाची झडप उचलली की बरेचदा अख्खंच्या अख्खं निघून येतं. लाखेचं मोडावं लागतं. पत्र आपल्यासाठी पहिल्यांदा उघडलं जातंय, ही जाणीव त्या मोडण्यात आहे. मला विचाराल तर हातात द्यायच्या पत्राला लाखेशिवाय दुसरं काही लावू नये.

टपालाने जाणाऱ्या पत्राला मात्र लाख लावू नका. पाकीट एकदा वाकलं की सीलचे दोन तुकडे, दुसऱ्यांदा वाकलं की भुगा. पोचतो तो पाकिटावरचा लाल डाग.

लवचीक मेण, तीन रूपांत

आता सीलिंग वॅक्स म्हणून जे विकतात ते बहुतेक लवचीक असतं. मेणात राळ आणि प्लॅस्टिकच्या जातीचे घटक मिसळलेले असतात, त्यामुळे ते वाकतं, तुटत नाही. मण्याचं, वातीचं, ग्लू गनचं (कांडी वितळवून बाहेर सोडणाऱ्या पिस्तुलासारख्या यंत्राचं) अशी नावं असली तरी माल बऱ्यापैकी सारखा असतो. फरक पडतो वितळवण्याच्या पद्धतीत, आणि तो चांगलाच पडतो.

वातीची कांडी दिसायला सगळ्यात रुबाबदार. पेटवायची आणि थेंब पाडायचे. पण वात म्हटली की काजळी आली. लाल, हिरव्या, काळ्या मेणात ती लपते. पांढऱ्या, गुलाबी किंवा फिक्या सोनेरीत राखाडी धागे दिसतात. कांडी जवळजवळ आडवी धरून गोल फिरवत राहिलं तर काजळी कमी होते, शून्य होत नाही. शिवाय कधीकधी पेटता थेंबच खाली पडतो. एका पत्राला मी असं बरोबर मधोमध भोक पाडलेलं आहे, आणि ते पत्र पुन्हा लिहायला तीन दिवस लागले. झटपट एकदोन सीलं, तीही गडद रंगाची, एवढंच हवं असेल तर वात चालेल. नाहीतर तिच्यावर पैसे घालू नका.

मणी आणि चमचा ही पद्धत मला सगळ्यात आवडते. मेणाचे छोटे मणी धातूच्या चमच्यात घ्यायचे, खाली लहान मेणबत्ती. नेहमीच्या 25 मिलिमीटरच्या शिक्क्याला तीन मणी लागतात, जाडजूड सील हवं असेल तर चार. रंग मिसळता येतात. दोन निळे आणि एक मोतिया मणी वितळवून न ढवळता ओतले तर संगमरवरासारख्या शिरा येतात, आणि त्या दर वेळी वेगळ्या येतात. इथे ज्योत मेणाला शिवत नाही, त्यामुळे काजळी फक्त चमच्याच्या बुडाला धरते. ते बूड कागदाला टेकू देऊ नका. ही सूचना मी स्वतःला दर आठवड्याला देते.

खरं कसब वितळवण्यात आहे. शेवटच्या मण्याची छोटीशी गाठ शिल्लक दिसली की चमचा ज्योतीवरून बाजूला घ्या. उरलेली उष्णता ती गाठ विरघळवते. पूर्ण पातळ होईपर्यंत धरलं तर बुडबुडे येतात, मेण पाण्यासारखं पसरतं आणि सील पापडाइतकं पातळ होतं. दोन बोटं उंचीवरून, एकाच जागी ओता. गोल फिरवत बसू नका. मग थांबा. आठदहा सेकंदांनी मेणाच्या कडेची चमक किंचित मंदावते, तोच क्षण. शिक्का सरळ ठेवा आणि स्वतःच्या वजनाने बसू द्या, वरून हलकंसं दाबलं तरी पुरे. सगळा जोर लावला तर मधलं मेण पिळून बाहेर जातं आणि तळाशी कागद दिसतो. अर्धा मिनिट हात लावू नका. नीट थिजलेल्या सीलवरून शिक्का जवळजवळ आपणहून सुटतो. ओढावा लागत असेल तर तो अजून गरम आहे.

मात्र या सगळ्याला एका सीलमागे दोनतीन मिनिटं जातात. चाळीस पाकिटं असतील तर हिशोब तुम्हीच करा.

तिथे ग्लू गन. तिच्या कांड्या 7 आणि 11 मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळतात, तेव्हा आधी आपली गन कुठली ते बघून घ्या. कमी तापमानाची गन बरी. जास्त तापणारीतून मेण फार पातळ येतं आणि थिजायला वेळ घेतं. वेगात या पद्धतीचा हात कुणी धरणार नाही: घोडा दाबला की एकसारखा गोळा, प्रत्येक सील साधारण एकाच मापाचं. रंग मात्र मिसळता येत नाहीत, आणि रंग बदलला की आधीच्या रंगाचं मेण संपेपर्यंत चारपाच सीलं गढूळ निघतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पाकिटभर पसरतात ते वेगळंच. या मेणातल्या ठशाच्या कडाही जरा गोलसर वाटतात, पण हा माझा डोळा असेल. पत्र मिळालेल्या कुणीही आजवर तशी तक्रार केलेली नाही.

साध्या मेणबत्तीचं मेण? नको. ते कागदात तेलकट डाग पाडतं आणि सुकलं की खपली निघावी तसं निघतं. मोजकीच सीलं करून बघायची असतील तर साध्या ग्लू गनच्या कांडीबरोबर मेणाच्या खडूचा तुकडा जुन्या चमच्यात वितळवा. रंग बरा येतो, चिकटतंही.

थेट पाकिटावर की आधी करून चिकटवायचं

जातिवंत हौशी लोक आधी करून चिकटवलेल्या सीलकडे नाक मुरडतात. मी मुरडत नाही. सिलिकॉनच्या चटईवर किंवा बेकिंग पेपरवर एका संध्याकाळी ढीगभर सीलं पाडायची, फसलेली पुन्हा चमच्यात टाकायची आणि चांगल्यांना मागून दुहेरी चिकटपट्टी लावायची. थेट पाकिटावर करताना शिक्का तिरका बसला तर पाकीट वाया जातं, आणि पत्ता आधीच लिहिलेला असेल तर जीव आणखी जळतो.

पण असं सील पाकीट बंद करत नाही, ते फक्त वर बसतं. झडपेला गोंद लागणारच. थेट ओतलेलं मेण कागदाच्या तंतूंत मुरून धरतं, म्हणून खरखरीत, जाडसर कागदावर ते घट्ट बसतं. गुळगुळीत, चमकदार लेप असलेल्या पाकिटावर ते धरत नाही. अशा पाकिटांना आधी करून चिकटवलेलंच बरं. पातळ कागद उष्णतेने सुरकुततो. निदान 100 ते 120 जीएसएमचं (कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पाकीट घ्या.

शिक्का: करून घेतलेला की घरचा

पितळेचा शिक्का रूढ झाला त्याला कारण आहे. पितळ मेणातली उष्णता पटकन ओढून घेतं, त्यामुळे मेणाला लागून असलेला थर लगेच थिजतो आणि शिक्का सुटतो. तोच गुण उलटतो कधी, तर ओळीने पाचसहा सीलं केली की. शिक्का स्वतःच तापतो आणि मेण त्याला चिकटायला लागतं. अधूनमधून बर्फाच्या पिशवीवर टेकवा आणि कोरडा पुसून घ्या; पाण्याचा थेंब राहिला तर सीलवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे येतात.

घरच्या पर्यायांत शंखजिऱ्याचा मऊ दगड मला सगळ्यात वरचढ वाटतो. साध्या चाकूने आणि सुईने कोरता येतो, आणि हाताच्या कोरीवकामातली थोडी वाकडी रेघ हस्ताक्षराच्या शेजारी शोभते. ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी पॉलिमर क्ले सोपी आहे: एखादं नक्षीदार बटण तिच्यात दाबलं की उलटा साचा तयार. पण ती उष्णता ओढत नाही, त्यामुळे दुप्पट थांबावं लागतं. थ्रीडी प्रिंटरवर शिक्का करायचा असेल तर पीएलए हे त्यात नेहमी वापरलं जाणारं प्लॅस्टिक वापरू नका. ते 60 अंशांच्या आसपासच नरम पडतं, आणि बारीक रेघा पहिल्या काही सीलांतच बसतात. आणि काहीच करायचं नसेल तर जुन्या कोटाचं धातूचं बटण पक्कडीत धरून दाबा. यात मी अजिबात थट्टा करत नाहीये. माझ्याकडचं सगळ्यात सुबक सील अशाच एका बटणाचं आहे.

पितळेचा करून घ्यायचा ठरवलाच तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, देवनागरी. रोमन आद्याक्षरं सुटसुटीत असतात. आपल्याकडे शिरोरेघ, वेलांट्या, जोडाक्षरांचे पोटभाग. 25 मिलिमीटरमध्ये ‘क्ष’ किंवा ‘श्री’ नेहमीच्या फाँटमध्ये टाकलं तर आतल्या मोकळ्या जागा मेणाने बुजतात आणि दूरून नुसता गोळा दिसतो. एकच अक्षर घ्या, रेघा जाड ठेवा, पोटातली जागा मुद्दाम फुगवा. रेखाटन खऱ्या मापात कागदावर छापून हातभर अंतरावरून बघा. तिथून वाचता आलं नाही तर मेणातही वाचता येणार नाही.

दुसरी गोष्ट, उलटसुलटपणा. शिक्क्यावर अक्षर उलटं कोरलं तर ठसा सुलटा येतो, हे आपल्याला माहीत आणि कोरणाऱ्यालाही माहीत. मी शहाणपणा करून रेखाटन आधीच उलटं पाठवलं. त्यांनी नेहमीप्रमाणे पुन्हा उलटवलं. देवनागरी न वाचणाऱ्याला चूक दिसणार तरी कशी? हातात आलेल्या शिक्क्यावरचं ‘अ’ डोळ्यांना अगदी सरळ दिसत होतं, आणि मी खूश! मेणात उमटलं तेव्हा कळलं. तेव्हापासून रेखाटनाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहून देते, ‘मेणात असं दिसायला हवं’. आणि रेखाटन पाठवते ते न उलटवता, न फिरवता, आहे तसं.

टपालाची अडचण

पत्रं वर्गवारीच्या यंत्रांतून जातात तिथे ती पट्ट्यांमध्ये दाबून, वळवून पळवली जातात. दोनतीन मिलिमीटर जाडीचा टणक गोळा तिथे अडकू शकतो किंवा शेजारच्या पाकिटावर घासला जातो. लवचीक मेण असलं तरी सुरक्षित मार्ग एकच: सील लावलेलं पाकीट दुसऱ्या साध्या पाकिटात घालून पाठवा. किंवा आतल्या घडीवर सील करा आणि बाहेरचं पाकीट नुसतं गोंदाने बंद करा. असं केलं तर लाखसुद्धा पाठवायचा मोह होईल. तेव्हा दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे तुकडे घाला आणि पाकीट वाकू देऊ नका.

शिक्क्यात मेण अडकून बसलंच तर सुईने उकरू नका, कोरीव भागाच्या कडा जातात. दहापंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा आणि टेबलाच्या कडेवर हलकेच ठोका. मेण आकसतं आणि एका तुकड्यात गळून पडतं.