नऊ व्होल्टच्या नावाखाली

जुन्या सागवानातून टेबलं, बाक, दारं करायचा माझा छोटा कारखाना आहे, धायरीला. पेठेत एखादा वाडा उतरवला की तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या आमच्याकडे येतात. लाकूड अस्सल, पण पोटात खिळे. लोहारानं ठोकलेल्या जुन्या खिळ्याचं डोकं गंजून गेलेलं असतं आणि भोक काजळीनं बुजलेलं, त्यामुळे नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून रंधा मशीनवर चढवण्याआधी प्रत्येक नगावरून मेटल डिटेक्टर फिरवायचा. मॉलच्या दारात वॉचमन अंगावरून फिरवतो तोच. त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते.

आमचे मिस्त्री कामात वाघ आहेत, पण डिटेक्टर बंद करायला हमखास विसरतात. साध्या बॅटऱ्यांवर पैसे घालून कंटाळलो आणि चार्जिंगच्या घ्याव्यात म्हणून तपकीर गल्ली गाठली. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काहीही हवं असलं की माणूस तिथंच जातो. एका काउंटरवर सोनेरी रंगाच्या बॅटऱ्या दिसल्या. वर ठळक छापलेलं: ९ व्होल्ट, १२०० एमएएच (म्हणजे बॅटरीत किती साठा आहे त्याचं माप). सहा बॅटऱ्या आणि चार्जर मिळून १,४५० रुपये.

मी अगदीच भोळा नव्हतो. "मीटरवर दाखवा," म्हटलं. त्यानं चार्जरमधून एक काढली, मल्टीमीटर लावला. ८.६. "चार्जिंगचा सेल आहे साहेब, नऊच धरा." मला पटलं. बिल मागितलं तर म्हणाला, बिल केलं की जीएसटी वाढेल, कशाला? तेही पटलं! पैसे यूपीआयनं दिले, ते दुकानाच्या नावावर न जाता कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर गेले, हे मी घरी येऊन पाहिलं.

पहिल्या दिवसापासून डिटेक्टरवरचा बॅटरी संपल्याचा लाल दिवा लागायला लागला. बॅटरी बदलली तरी तासाभरात पुन्हा लाल. दोन दिवसांनी मिस्त्री म्हणाले, "शेठ, तो दिवाच बिघडलाय, आवाज येतोय ना, मग झालं." मीही मान डोलावली. आमचं नुकसान खरं तिथंच झालं. मशीन जवळच्या खिळ्यावर किंचाळत होतं, म्हणून ते खोलवरचाही पकडतंय असं आम्ही गृहीत धरलं.

चौथ्या दिवशी एका तुळईत दीडेक इंच आत मोडून राहिलेला खिळा निघाला. म्हणजे डिटेक्टरनं नाही काढला, रंध्यानं काढला. कानठळ्या बसवणारा आवाज आणि तिन्ही पात्यांना खाच. बॅटऱ्यांच्या दुपटीहून जास्त पैसे पात्यांत गेले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब.

त्या संध्याकाळी आमचा हेल्पर पोरगा बॅटरी हातात घेऊन आला. घामानं स्टिकरचा कोपरा सुटला होता. "दादा, ह्याच्या खाली दुसरंच लिहिलंय." सोनेरी स्टिकर सोलला. खाली जुना पांढरा स्टिकर: ७.२ व्होल्ट, १७० एमएएच.

आता हिशेब सांगतो, कारण काउंटरवर मला तो माहीत असता तर फसलो नसतो. या चौकोनी निकेल बॅटरीच्या आत छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाचे साधारण १.२ व्होल्ट. सहा सेल असले तर ७.२, सात असले तर ८.४. नुकताच चार्ज केलेला सेल भार नसताना, म्हणजे काही चालवत नसताना, १.४ च्या वर दाखवतो, म्हणून सहांचे ८.६ दिसले. मीटर खोटं बोलला नाही, पण त्यानं बॅटरी भार नसताना मोजली. आमच्या डिटेक्टरचा लाल दिवा सात व्होल्टच्या आसपास लागतो, म्हणजे तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता.

एमएएचचं तर विचारूच नका. या आकाराच्या निकेल बॅटरीत खरा आकडा दोनशे-तीनशेच्या घरात असतो. १२०० ही नुसती शाई. पेन्सिल सेललाही तेच: चांगल्यातला चांगला निकेलचा २,८०० च्या पुढं जात नाही, आणि हातात घेतला की पंचवीस ग्रॅमच्या वर भरतो. हलका लागला तर ठेवून द्या.

दुकानात परत गेलो. मालक म्हणाला, तुमचं मशीन चायनाचं असेल. स्टिकर दाखवला तर, "हा माल आमच्याकडचाच कशावरून?" बिल नाही, काय बोलणार? ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे हे ठाऊक होतं, पण हातात कागद नाही आणि वर माल धंद्यासाठी घेतलेला. नाद सोडला.

नंतर एका ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं १५० ओहमचा, एक वॉटचा रेझिस्टर दिला. चार्ज केलेल्या बॅटरीला तो जोडायचा आणि व्होल्टेज सहावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघायचं. माझी सोनेरी साडेतीन तासांत आडवी झाली. १२०० खरे असते तर दिवस उलटला असता. (रेझिस्टर तापतो, भुशापासून लांब ठेवा. आमच्यासारख्या कारखान्यात हे सांगावंच लागतं.)

टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या लिथियमच्या चौकोनी बॅटऱ्यांचाही मोह झाला होता. त्यांतल्या बहुतेकींच्या आत व्होल्टेज चढवणारं सर्किट असतं, आणि त्याच्या गोंगाटानं काही डिटेक्टर उगाच गुणगुणतात. शिवाय त्या शेवटपर्यंत नऊ दाखवतात आणि मग एकदम मान टाकतात, लाल दिव्याला संधीच नाही.

आता सात सेलची, ८.४ लिहिलेली, बिलासकट घेतो. आयएस १६०४६ (चार्जिंगच्या बॅटऱ्यांचं भारतीय मानक) आणि त्याखालचा आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, छापलाय का पाहतो, तो दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकतो, आणि स्टिकरच्या कोपऱ्याला नख लावून बघतो. मिस्त्रींनी एका फळीत दीड इंच खोल खिळा मारून ती कोपऱ्यात उभी केलीय. सकाळी डिटेक्टर आधी तिच्यावर फिरतो. ओरडला नाही तर त्या दिवशी तुळईला हात लावायचा नाही.