मुलांचा वाढता नंबर: थेंब की खास काचा?

पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मुलाचा मायनस नंबर वाढलेला दिसला, की आईबाबांपुढे हल्ली हे दोन पर्याय येतात. आहे तो नंबर दोन्हींनी उतरत नाही, वाढीचा वेग मंदावतो.

अ‍ॅट्रोपिन या औषधाचा थेंब रोज रात्री झोपताना घालायचा. हाँगकाँगच्या चाचणीत ०.०१, ०.०२५ आणि ०.०५ टक्क्यांपैकी ०.०५ सर्वांत प्रभावी ठरला. पण तीव्रता वाढली की डोळ्याची बाहुली मोठी राहते, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात डोळे दिपतात. एकदम बंद केला तर नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. शिवाय साधा चष्मा लागतोच.

चष्म्याच्या खास काचेत मधोमध नेहमीचा नंबर, भोवती शेकडो बारीक भिंगं. त्यामुळे काही प्रकाश डोळ्यातल्या पडद्याच्या पुढे केंद्रित होतो आणि डोळ्याची लांबी, म्हणजेच नंबर, वाढायला आळा बसतो. हाँगकाँगमध्येच ८ ते १३ वर्षांच्या मुलांवरच्या २ वर्षांच्या चाचणीत नंबरवाढ सुमारे ५२ टक्के कमी झाली. किंमत जास्त, आणि चष्मा दिवसभर नाकावर हवा.

मला काचा आधी कराव्यात असं वाटतं, औषध नाही म्हणून. मूल चष्मा काढूनच ठेवत असेल किंवा तरीही नंबर पळत असेल, तर थेंबांबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. काहीही निवडलं तरी शाळा सुटल्यावर थेट क्लासला नको, आधी मैदानावर पाठवा.