"काकू, कुणाला ताप?" : पाचपैकी साडेतीन तारे

पावसाळ्यात आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, खळ्यात येते आणि छत्री मिटायच्या आधीच विचारते, "काकू, कुणाला ताप?" असलाच तर ७ दिवसांच्या आतला की वरचा, अंगावर पुरळ आलंय का, हिरड्यांतून रक्त येतं का. रिपोर्ट मागत नाही. रोगाला नाव मिळायच्या आधीच लक्षणं मोजायची, हीच सरकारच्या एकात्मिक रोग सर्वेक्षणातली मेख, आणि वरचे तारे त्यालाच.

मला आधी ही नसती चौकशी वाटायची. गेल्या भाद्रपदात गणपती नुकतेच पोचवले होते. वाडीत चार दिवसांत तीन घरी ताप. मुंबईकर येऊन गेलेले, जागरणं झालेली, म्हणून जो तो अंगावर काढत होता. आशाताईच्या वहीत मात्र तिन्ही ताप एकाखाली एक आले. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेवक हजर. रक्ताचे नमुने घेतले आणि बॅटरी घेऊन थेट बागेत शिरले. माझी पाण्याची डोण मी रोज घासते, ते मी ऐकवत होतेच. त्यांनी वाकून सुपारीची पडलेली विरी, म्हणजे झावळीचं खोलगट बूड, उचलली आणि तिच्यातलं पाणी माझ्याच पांढऱ्या बशीत ओतलं. अळ्या नुसत्या वळवळत होत्या! डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हापासून दर शनिवारी विऱ्या आणि करवंट्या गोळा करते.

आता तक्रार. आमच्या ह्यांनी ५ दिवस तापाच्या गोळीवर काढले, मग बाजारातल्या खासगी डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून आले. तो ताप कुठल्याच वहीत नाही. खासगीवाल्यांनीही कळवायचं असतं, पण कळवतो कोण? शिवाय डेंग्यूची एनएस-१ रक्ततपासणी पहिल्या ५ दिवसांतच नीट लागते, ती वेळही गेली.

हे सर्वेक्षण २००४ साली सुरू झालं तेव्हा आठवड्याचा कागद वर जायचा. २०२१ पासून नोंद मोबाइलवरून रोजच्या रोज करायची. आमच्याकडे त्यासाठी नर्सबाईंना सड्यावर चढावं लागतं, खाली रेंजच नाही. भर पावसात, एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन.

एक तारा खासगीतल्या न मोजलेल्या तापांचा कापला, अर्धा रेंजचा. आशाताईचा एकही नाही.