१९५० च्या दशकातल्या अमेरिकेवरचा ऑनलाइन कोर्स: घ्या, पण सुरुवात स्किप करा

युद्धानंतरच्या अमेरिकेवरचा हा रेकॉर्डेड कोर्स, सुरुवातीची लेक्चर्स नुसती प्रस्तावना आहेत, सरळ पुढे ढकला, मजा येते लेविटाउन या उपनगरापासून. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती तिथे १९४७ पासून एकसारखी घरं उठवली, काम २६ टप्प्यांत वाटलेलं, एक टोळी फक्त रंग मारणार आणि लगेच पुढच्या घराकडे पळणार, म्हणजे माल जागेवर आणि कामगार फिरतायत असा उलटा कारखाना! त्यात युद्धातून परतलेल्यांना सरकारी हमीचं कर्ज, डाऊन पेमेंट नाहीच म्हणा, मग काय, लोक तुटून पडले. पण सुरुवातीच्या करारातच गोऱ्यांशिवाय कुणाला राहू द्यायचं नाही अशी अट होती, हे सरांनी गुळमुळीत न ठेवता सांगितलंय, त्याला पैकीच्या पैकी मार्क.

टीव्हीचा भागपण भारी, १९५० ला दहातल्या एका घरात जेमतेम असलेली वस्तू १९६० पर्यंत जवळपास नऊ घरांत.

१९५६ चा हायवे कायदा, ४१,००० मैलांचं जाळं, एवढा मोठा विषय मात्र घाईत उरकलाय. बायकांचंही तसंच. नोकरी करणाऱ्या विवाहित बायका तेव्हा वाढत होत्या आणि जाहिरातीत सगळ्या फ्रिजशेजारी हसत उभ्या, यावर तर अख्खं लेक्चर हवं होतं राव. आवाज मधेच बारीक होतो, हेडफोन लावूनच ऐका. साडेतीन स्टार, सेलमध्ये मिळाला तर चार.