सुरतेचा तह की वसईचा: अडचणीतल्या पेशव्याला मदत कोणत्या भावाने मिळाली?

कोकण किनाऱ्याचे भवितव्य ठरवणारे हे दोन तह शेजारी ठेवून वाचावेत. १७७५ मध्ये पेशवेपद गमावून ते परत मिळवू पाहणाऱ्या रघुनाथरावांनी सुरतेस इंग्रजांकडून अडीच हजारांची फौज मागितली. बदल्यात साष्टी (मुंबईलगतचे बेट) आणि वसई देऊ केली, दरमहाचा खर्च पत्करला आणि तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीरही ठेवले. साष्टी तर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन आधीच बळकावली होती, हे विसरू नये. तरीही हा व्यवहार मुलूख आणि पैशाचा होता.

१८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून हडपसरला पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव महाड, सुवर्णदुर्गमार्गे समुद्राने वसईस पोहोचले आणि ३१ डिसेंबरला त्यांनी कायमची तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने ठेवायची इंग्रजांची फौज, स्वीकारली. तिच्यासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख गेलाच. पण परराज्यांशी बोलणी आणि युद्ध ईस्ट इंडिया कंपनीच्या सल्ल्याविना न करण्याची अट, माझ्या मते, त्याहून कितीतरी महाग होती. सुरतेचा तह कलकत्त्याच्या कौन्सिलने, म्हणजे कंपनीच्या वरिष्ठ सरकारने, नामंजूर केल्याने पुणे दरबाराला पुरंदरावर नव्याने बोलणी करता आली. वसईच्या तहामागे मात्र खुद्द गव्हर्नर जनरल वेलस्लीच उभा होता.