आठ रविवार आणि एक वही : टिळकवाडीतल्या विद्यार्थी कार्यशाळेचा अनुभव

दहावीचे वर्ष सुरू झाल्यापासून मुलीचे जेवण कमी झाले आणि चिडचिड वाढली, तेव्हा ओळखीच्या एका शिक्षिकेने सुचवल्यावरून मी तिला बेळगावात, टिळकवाडीत भरणाऱ्या एका कार्यशाळेत घातले. विषय होता विद्यार्थ्यांचे भावनिक आरोग्य; आठ रविवार, दर खेपेस दोन तास, शुल्क १,८०० रुपये. आम्ही खानापूरचे. कर्नाटकात महिलांना सरकारी बसमधून मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे २०२३ पासून मुलीला तिकीट लागत नाही, त्यामुळे प्रवासाचा खर्च तेवढा माझ्या एकट्याचाच झाला.

पहिले तीन रविवार पालकांना मागच्या बाकांवर बसू देत, म्हणून तिसऱ्या रविवारचा तास मला प्रत्यक्ष पाहता आला आणि माझ्या मते शुल्काची निम्मी रक्कम त्या एका तासातच वसूल झाली. मार्गदर्शक ताईंनी मुलांना एवढेच विचारले की, परीक्षा जवळ आली की मनात नेमके काय होते. सगळ्यांचे उत्तर एकच, ‘टेन्शन’. ताईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला, खोडला आणि दुसरा मागितला. मग हळूहळू धास्ती, हुरहूर, घालमेल, कोंडमारा असे शब्द येऊ लागले. कन्नड माध्यमातला एक मुलगा ‘बेजार’ म्हणाला, तेव्हा मराठी मुले हसली, कारण आपण त्रासून गेल्यावर बेजार होतो आणि त्याला सांगायची होती उदासी. त्या एका शब्दावर दहा मिनिटे सुरेख चर्चा झाली. भावनेला नाव दिल्याने तिचा जोर काहीसा ओसरतो, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या कॅलिफोर्नियातील २००७ च्या प्रयोगात दिसले होते : भेदरलेले किंवा रागावलेले चेहरे पाहताना ज्यांनी त्या भावनेसाठी शब्द निवडला, त्यांच्या मेंदूतील भीतीसारख्या भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावली. ताईंनी प्रयोगाचे नावही घेतले नाही, पण परतीच्या बसमध्ये मुलगी म्हणाली, “बाबा, मला टेन्शन नाही, धास्ती आहे. कन्नडच्या पेपरची.” दोन महिने आम्ही गणिताची शिकवणी शोधत होतो.

यापुढची घडी मात्र विसकटली. मुलांना एक गुळगुळीत वही देऊन रोज रात्री कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहायला सांगण्यात आले. या कल्पनेला आधार आहे. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा नोंदी करणाऱ्यांना तक्रारींच्या नोंदी करणाऱ्यांपेक्षा बरे वाटल्याचे आढळले होते. परंतु सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा नोंद करणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा करणाऱ्यांचे वाढले नाही. रोजचा रतीब घातला की गोडी उरत नाही, हे सांगायला खरे तर प्रयोगाचीही गरज नव्हती. आमच्याकडे शनिवारी रात्री साडेदहाला एकाच निळ्या पेनाने सात दिवसांचे आभार मानले जात : आई, बाबा, पाऊस, आई, आजी, पाऊस. तो जुलै महिना होता आणि पावसाने हैराण होणाऱ्या खानापुरातल्या मुलीने पावसाचे इतके आभार मानावेत, यावरूनच ताईंना शंका यायला हवी होती.

झोपेचा विषय तर दोन वाक्यांत उरकला. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. आमची मुलगी रात्री अकराला निजते आणि शिकवणीसाठी पहाटे साडेचारला उठते. अशा मुलीला दीर्घ श्वसन शिकवण्याआधी तिच्या बापाला दोन शब्द सुनावले असते, तर मी ते निमूट ऐकून घेतले असते.

सर्वात मोठा आक्षेप सहाव्या रविवारचा. मुलांनी रोज आपल्या मनःस्थितीला दहापैकी गुण द्यायचे होते. पालकसभेत संयोजकांनी तो तक्ता नावानिशी वाचून दाखवला आणि ‘सतत दोन-तीन’ लिहिणाऱ्या मुलांच्या पालकांना उभे केले. हेतू चांगला असेलही. पण पुढच्या आठवड्यापासून माझ्या मुलीचे गुण रोज आठ, आणि तिच्या शेजारणीचेही आठ. खरोखर खचलेले मूल त्या आठांमध्ये कसे ओळखायचे? शेवटच्या दिवशी वाटलेल्या पत्रकावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही नव्हता. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिच्या भाषांमध्ये मराठी व कन्नड दोन्ही आहेत.

तरीही धाकट्याला मी पुढे याच ताईंकडे पाठवीन, फक्त ताईंकडे. शुल्क भरण्यापूर्वी मात्र संयोजकांना विचारून घेईन की मुलांची वही कोण वाचणार, आणि उत्तरात ‘पालक’ हा शब्द आला, तर त्या दिवशी टिळकवाडीत चहा पिऊन खानापूरची बस धरीन.