कुंपणाचे डांब कुजले: आता लाकूड, लोखंड, सिमेंट की गिरीपुष्प?

कोकणातल्या वाडीचा कुजका डांब उपटून बघा. वरचं लाकूड धड असतं, खड्ड्यातलं टोकही बरंचसं टणक असतं. भुसा होतो तो जमिनीलगतच्या वीतभर जागेचा. वरचा भाग पाऊस थांबला की सुकतो, खोल मातीत बुरशीला हवा कमी पडते. जमिनीलगत मात्र ओल आणि हवा दोन्ही, त्यात वाळवी. नवा डांब घेताना एवढंच बघायचं: ही वीतभर जागा किती पावसाळे काढेल?

पुन्हा लाकूडच घालायचं असेल तर जून सागाचा गाभा घ्या. सागाचे म्हणून मिळणारे बारीक वासे बहुतेक बाहेरच्या पांढऱ्या लाकडाचेच असतात, आणि ते लवकर जातं. सुरू, निलगिरी स्वस्त, पण लवकर डुलायला लागतात. डांबर फासायचं ते पूर्ण सुकलेल्या लाकडाला, आणि जमिनीच्या वर वीतभर येईल असं. ओल्या लाकडाला फासलं तर ओल आतच कोंडते.

लोखंडी अँगल हाताळायला सोपा. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो, म्हणजे ७ फुटांचा साधारण साडेसहा किलो. घाटावरच्या कोरड्या जमिनीत मी हाच घेतला असता. समुद्राजवळ मात्र खारा वारा त्याला सोडत नाही, आणि नुसत्या रेड ऑक्साइडच्या रंगावर भरवसा ठेवू नये. घ्यायचाच तर जस्ताचा जाड मुलामा दिलेला घ्या आणि भोवतीच्या काँक्रीटला वरून उतार द्या. सपाट ठेवलं तर पाणी नेमकं बुंध्याशी साचतं.

माझं मत सिमेंटच्या पोलाच्या बाजूने आहे. तो कुजत नाही, वाळवी त्याला काही करत नाही. पण सगळे पोल सारखे नसतात. घेण्याआधी चारही बाजू नीट बघा. सळी कुठे उघडी दिसत असेल किंवा कडेला गंजाचा डाग असेल तर तो पोल बाजूला ठेवा. आतली सळी गंजली की फुगते आणि सिमेंटला उभी चीर पाडते. ओतल्यावर पोल किती दिवस पाणी मारून ओले ठेवले होते हेही विचारा. ओतून चार दिवसांत विकलेला पोल गाडीतून उतरवतानाच तडकतो. वजनाचा विचार आधी करा: ४ इंची चौकोनी, ७ फुटी पोल पन्नास किलोच्या आसपास जातो. पाणंदीपलीकडे वाडी असेल तर वाहून नेण्याची मजुरी हिशेबात धरा. शिवाय तो लवत नाही. फांदी पडली तर मोडतोच.

दगडी खांब जवळ खाण असेल तरच परवडतो.

राहिलं गिरीपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडियाचं झाड, आणि मला ते मनापासून आवडतं. मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटी फांदी पहिल्या पावसात फूटभर खोल रोवली की जगते. जिवंत डांब कुजायचा प्रश्नच नाही! दरवर्षी छाटलेला पाला माडाच्या आळ्यात घातला की नत्राचं खत घरचंच. पण पहिल्या वर्षी तिच्यावर तार ताणू नका, मुळं हलतात. खिळा ठोकून तार बसवली तर काही वर्षांनी झाड ती गिळून टाकतं, मग बदलायची कशी? छाटायला माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

म्हणून दोन्ही एकत्र घाला. कोपऱ्यांवर, बेड्याच्या (वाडीच्या फाटकाच्या) दोन्ही बाजूंना आणि रस्त्याकडेला सिमेंटचे पोल, २ फूट खोल; कोपऱ्याच्या पोलाला तिरका टेका हवाच, कारण तारेचा सगळा ताण तिथे येतो. मागच्या बाजूला दर चार-पाच गिरीपुष्पांमागे एक पोल. पोल उन्हाळ्यातच उभे करून घ्या. मृगाच्या सरी आल्या की फांद्या रोवायच्या, तोवर तारेचा भार घ्यायला पोल घट्ट बसलेले असतील.